एका महानगराची लाकूडखरेदी

न्यूयॉर्क शहराच्या दक्षिण टोकाला, ब्रुकलिनच्या समुद्रकाठी, कोनी आयलंड नावाची वस्ती आहे. तेथे वाळूच्या कडेने चार किलोमीटरांहून अधिक लांबीचा एक लाकडी मार्ग जातो. त्यावरून वाहनांची रहदारी नाही. म्हातारी माणसे सकाळी फिरतात, मुले आइस्क्रीम खात पळतात, संध्याकाळी कठड्याला टेकून लोक समुद्र पाहत उभे राहतात. १९२३ च्या मे महिन्यात हा मार्ग लोकांसाठी खुला झाला. त्या काळच्या ब्रुकलिनच्या लोकनियुक्त प्रमुखाच्या नावावरून त्याला रीगलमन बोर्डवॉक म्हणतात. भुयारी रेल्वेचे भाडे परवडणाऱ्या कोणाही कष्टकरी माणसाला समुद्राची हवा फुकट मिळावी, हा त्यामागचा हेतू होता, आणि शंभर वर्षे तो बऱ्यापैकी पाळला गेला.

या मार्गावरील फळ्या मात्र दर काही वर्षांनी बदलाव्या लागतात. खारा वारा, ऊन, बर्फ आणि लाखो पावले यांपुढे साधे लाकूड टिकत नाही. म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहराच्या उद्यान विभागाने ॲमेझॉनच्या जंगलातील ‘इपे’ या लाकडाची मागणी नोंदवायला सुरुवात केली. एका शहरातील फिरण्याच्या रस्त्यासाठी हजारो किलोमीटरांवरच्या जंगलातील झाड तोडले जाऊ लागले. यात कायद्याचा भंग नव्हता, लाचलुचपत नव्हती, कोणाचा वाईट हेतूही नव्हता. निविदेत एक ओळ होती, आणि त्या ओळीप्रमाणे माल येत होता.

महापालिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कर घेणारी, परवाने देणारी, खड्डे ठेवणारी संस्था उभी राहते. ती एक मोठे गिऱ्हाईक आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. व्यापारी घरातल्या माणसाला मात्र हे सांगावे लागू नये. दोनशे किरकोळ गिऱ्हाईकांपेक्षा एक ठोक गिऱ्हाईक बाजाराची दिशा ठरवते. ते जो दर्जा मागेल तो बाजारात तयार होतो, आणि ते जे घेणे बंद करील ते वखारीत पडून राहते. न्यूयॉर्क हे इपेचे असे ठोक गिऱ्हाईक होते. बाके, धक्के, पादचारी मार्ग आणि फेरीबोटींची बंदरे यांसाठी उष्ण कटिबंधातील कठीण लाकूड इतक्या प्रमाणात घेणारी महापालिका अमेरिकेत दुसरी नसावी, असे या प्रश्नावर चळवळ करणारे लोक सांगत.

इपेची थोरवी आधी मान्य केली पाहिजे, नाहीतर इंजिनिअरांवर अन्याय होईल. हे लाकूड इतके घट्ट असते की ते पाण्यात बुडते. त्याला रसायन पाजावे लागत नाही. वाळवी आणि बुरशी त्याच्याजवळ फारशी फिरकत नाहीत. ते सहज पेटत नाही. साध्या पाइनच्या फळ्या काही वर्षांत कुजतात तेथे इपेच्या फळ्या कित्येक पट अधिक टिकतात. ज्याच्या हाती सार्वजनिक पैसा आहे, ज्याला देखभालीची तरतूद दरवर्षी भांडून मिळवावी लागते, त्याने एकदा महाग घेऊन पुन्हा पुन्हा दुरुस्ती टाळणे हा व्यवहारी हिशेबच आहे. उणीव एवढीच की त्या हिशेबाच्या वहीत जंगलाचे खाते उघडलेलेच नव्हते.

मुंबईच्या वाचकांना या झाडाचे नातलग ठाऊक आहेत. विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेला फेब्रुवारी-मार्चमध्ये जी झाडे गुलाबी फुलांनी भरून जातात आणि ज्यांची छायाचित्रे दरवर्षी वर्तमानपत्रांत येतात, ती ताबेबुइया इपेच्याच कुळातील. ब्राझीलच्या जंगलात इपेही असाच फुलतो, पिवळा किंवा जांभळट गुलाबी. फरक असा की महामार्गाच्या कडेला झाडे ओळीने लावलेली असतात आणि ॲमेझॉनमध्ये तोडण्याजोगा एक इपे सापडायला कित्येक हेक्टर जंगल पालथे घालावे लागते. सागाचे जसे रान असते तसे इपेचे नसते. तो शेकडो जातींच्या झाडांत एकटादुकटा उभा असतो, आणि त्याला तोडण्याजोगा घेर यायला माणसाच्या कित्येक पिढ्या जातात.

खरी हानी येथून सुरू होते. एका झाडापर्यंत पोहोचण्यासाठी बुलडोझरने वाट काढली जाते. वाटेत इतर झाडे पडतात. ओंडका बाहेर गेला तरी वाट मागे राहते. त्या वाटेने जमीन बळकावणारे येतात, आग लावतात, गवत पेरतात आणि गुरे सोडतात. ओंडका करवतगिरणीत गेला की त्याचाही निम्म्याहून अधिक भाग भुसा, साल आणि तुकडे होऊन जातो. कोनी आयलंडच्या एका फळीमागे किती जंगल गेले याचा आकडा म्हणूनच सरळ गुणाकाराने काढता येत नाही. इपे महाग असतो आणि लांबून आणायला परवडतो, त्यामुळे दुर्गम जंगलात पहिली वाट पाडण्याचा खर्च तोच भरून देतो. स्वस्त लाकडासाठी एवढ्या आत कोणी जाणार नाही.

‘मग कायदेशीर माल घ्यावा, बेकायदा घेऊ नये’ असे कोणीही म्हणेल. ब्राझीलमध्ये कायदे नाहीत असे नाही. ॲमेझॉनच्या जंगलपट्ट्यातील खासगी मालकाने आपल्या जमिनीच्या ८० टक्के भागावर जंगल राखले पाहिजे, असा तेथील वनसंहितेचा नियम आहे. तोडीसाठी आराखडा लागतो, झाडांची यादी लागते, आणि प्रत्येक खेपेबरोबर वाहतुकीचा दाखला लागतो. २००६ पासून हे दाखले संगणकावर निघतात. कागद पाहिले तर व्यवस्था कडेकोट आहे.

ज्यांनी बँकेत कर्जविभाग सांभाळला आहे त्यांना पुढची गोष्ट लगेच कळेल. व्यापाऱ्याला मालाच्या तारणावर रोखकर्ज दिले की तो दर महिन्याला साठ्याचे पत्रक देतो. पत्रकात जेवढा माल, तेवढी पैसे उचलण्याची मर्यादा. बहुतेक व्यापारी पत्रक प्रामाणिकपणे भरतात. पण कोणी पत्रकात नसलेल्या पोत्यांची भर घातली आणि अधिकारी गोदामात गेलाच नाही, तर कागदावरच्या पोत्यांवर खरे पैसे उचलले जातात. ब्राझीलमध्ये इपेचे हेच झाले. पारा राज्यातील तोडीच्या आराखड्यांचा अभ्यास करून ग्रीनपीस संस्थेने २०१८ मध्ये दाखवून दिले की झाडांच्या याद्यांत इपेची संख्या आणि घेर फुगवले जातात, कधी दुसऱ्याच जातीचे झाड इपे म्हणून लिहिले जाते. आराखड्यात दहा झाडे आणि रानात दोन, म्हणजे आठ झाडांचा दाखला हातात मोकळा राहतो. तो राखीव जंगलातून किंवा आदिवासींच्या भूमीतून चोरून आणलेल्या आठ झाडांना लावला जातो. बंदरावर पोहोचणारा माल कागदोपत्री निर्मळ असतो. न्यूयॉर्कच्या खरेदी अधिकाऱ्याने कितीही प्रामाणिकपणे दाखले तपासले तरी त्याला त्यात खोट दिसणार नाही, कारण खोट दाखल्यात नसून दाखल्याच्याही आधीच्या यादीत आहे.

त्यात नावांचा घोळ आहे. इपे बाजारात ‘ब्राझिलियन वॉलनट’ म्हणून विकला जातो, जरी त्याचे अक्रोडाशी काही नाते नाही. आफ्रिकेतून येणारे एकच लाकूड लंडनच्या बाजारात ‘एक्की’ आणि ॲमस्टरडॅममध्ये ‘आझोबे’ असते. एका नावावर बंदी घातली तर तोच माल दुसऱ्या नावाने दारात उभा राहतो. लाकडाच्या व्यापारात मुरलेल्यांना हे नवे नाही.

अशा परिस्थितीत दूरच्या शहराने काय करावे, हा प्रश्न प्रथम युरोपात उभा राहिला. १९८८ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या आक्रे राज्यातील शापुरी गावी रबराचा चीक गोळा करणाऱ्या मजुरांचा पुढारी शिको मेंडिस याचा खून झाला. जंगल तोडून गुरांची कुरणे करणाऱ्या जमीनदारांना त्याने विरोध केला होता. त्याच सुमारास मलेशियाच्या सारावाक प्रांतात पेनान आदिवासी लाकडाच्या ट्रकांसमोर रस्ते अडवून उभे होते. या बातम्या युरोपातील घराघरांत पोहोचल्या. जर्मनीतील शेकडो लहानमोठ्या नगरपालिकांनी ठराव केले की शाळा, दवाखाने, पूल यांच्या बांधकामात उष्ण कटिबंधातील लाकूड घेतले जाणार नाही. नेदरलँड्स आणि ब्रिटनमधील अनेक नगरपालिकांनीही तसेच केले. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोने बंदी घातली, आणि न्यूयॉर्क राज्याने १९९१ च्या सुमारास सरकारी खरेदीवर बंधन घालणारा कायदा केला. मात्र त्यात अपवाद होते, आणि अपवाद ज्या दाराने आत येतो त्याच दाराने नियम बाहेर जातो.

लाकूड विकणाऱ्या देशांची बाजू येथे ऐकून घेतली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. मलेशिया व इंडोनेशिया यांचे म्हणणे असे होते की युरोपने आपली जंगले शतकांपूर्वी तोडून शेते व शहरे उभारली, आणि आता आमच्या एकुलत्या चांगल्या मालावर तो बहिष्कार घालतो. शिवाय स्वीडन व कॅनडाचे लाकूड चालते, आमचेच का चालत नाही? जंगलाच्या लाकडाला भाव राहिला नाही तर जंगल राखण्याचे कारणही राहणार नाही. शेतकरी ते तोडून तेलमाड लावील. ऑस्ट्रियाने १९९२ मध्ये अशा लाकडावर सक्तीचे चिन्ह आणि जादा आयातशुल्क लावण्याचा कायदा केला तेव्हा या देशांनी जागतिक व्यापाराच्या गॅट मंचावर तक्रार नेली, आणि वर्षभरात ऑस्ट्रियाला माघार घ्यावी लागली. चिन्ह ऐच्छिक झाले, शुल्क मागे घेतले गेले.

बहिष्काराच्या या अनुभवातूनच १९९३ मध्ये टोरांटो येथे फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल ही संस्था स्थापन झाली. जंगल नीट राखून काढलेल्या लाकडाला बाहेरच्या तपासनिसाने प्रमाणपत्र द्यावे आणि गिऱ्हाईकाने तेच लाकूड मागावे, अशी ही योजना. जर्मनीतील अनेक नगरपालिका पुढे सरसकट बंदीवरून प्रमाणपत्रावर आल्या. पण इपेच्या बाबतीत प्रमाणपत्रापुढेही एक अडचण उरते. २००८ मध्ये ब्राझीलमधील तोडीच्या क्षेत्रांवर झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की कायद्याने परवानगी दिलेल्या प्रमाणात तोड केली, तरी पुढच्या फेरीपर्यंत, म्हणजे तीसेक वर्षांत, इपेची संख्या भरून येत नाही. नियम सर्व जातींना एकच माप लावतो, आणि इपे त्या मापाने वाढत नाही. मुद्दलच खाल्ले जात असेल तर त्याला व्याज म्हणता येत नाही, मग त्यावर कोणाचाही शिक्का असो.

त्याच २००८ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत, हवामानबदलावरील चर्चेत, जाहीर केले की शहर उष्ण कटिबंधातील कठीण लाकडाचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करील. त्याआधी कित्येक वर्षे काही मोजके कार्यकर्ते बोर्डवॉकवर आणि सरकारी कचेऱ्यांसमोर निदर्शने करीत होते. ब्लूमबर्ग स्वतः उद्योजक. त्यांनी ‘बंदी’ हा शब्द वापरण्याचे टाळले आणि खात्यांना प्रश्न विचारला की तुम्ही हे लाकूड कोठे कोठे वापरता व तेथे दुसरे काय चालेल. हा मार्ग कायद्याच्या मार्गापेक्षा शहाणपणाचा होता. ठराव करणाऱ्याला टाळ्या मिळतात. वापराची यादी करणाऱ्याला त्या मिळत नाहीत, पण खरेदी त्या यादीमुळेच कमी होते.

यादी केल्यावर एक गोष्ट उघड झाली. सगळे वापर सारखे नव्हते. उद्यानातील बाकाच्या पट्ट्या इपेच्याच असण्याचे काही कारण नव्हते. अमेरिकेतच वाढणारे ब्लॅक लोकस्टचे लाकूड न कुजता बरीच वर्षे टिकते, ओकही चालतो. ब्रुकलिन ब्रिज पार्क या नव्या उद्यानासाठी तेथील जुनी शीतगृहाची इमारत पाडली गेली, तेव्हा तिच्या तुळयांतून निघालेल्या जुन्या पाइनची बाके झाली. बाकावर बसणाऱ्याला त्यात काही उणे वाटले नाही. ज्या वापराला दुसरे लाकूड सहज चालते तेथे शतकभर वाढलेले झाड वापरणे ही उधळपट्टी होती, आणि ती इतकी वर्षे चालली कारण निविदेचा जुना मसुदा नव्या वर्षी तसाच उतरवला जात होता. कोणत्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला हे खरे वाटेल.

बंदराची गोष्ट निराळी. १९७२ मध्ये अमेरिकेत जलशुद्धीचा मोठा कायदा झाला आणि न्यूयॉर्कच्या बंदरातील पाणी हळूहळू स्वच्छ होऊ लागले. मासे परतले, आणि त्यांच्याबरोबर लाकूड पोखरणारे समुद्री जीवही परतले. त्यातला एक शिंपल्याच्या वर्गातला, पण अळीसारखा लांबट, लाकडाला आतून भोके पाडणारा. दुसरा तांदळाच्या दाण्याहून बारीक, बाहेरून कुरतडणारा. घाण पाण्यात हे जगत नव्हते, म्हणून जुने लाकडी खांब दशकानुदशके सुखरूप होते. पाणी सुधारले आणि धक्के ढासळू लागले. या जीवांना दाद न देणारी जी थोडी लाकडे आहेत त्यांत गयानाचे ग्रीनहार्ट आणि आफ्रिकेचे एक्की येते. फेरीबोट धक्क्याला टेकते तेव्हा तिचा दणका सोसून पुन्हा सरळ होणारे, वर्षानुवर्षे खाऱ्या पाण्यात राहणारे असे दुसरे साधन शोधणे सोपे नाही. रसायनात मुरवलेले लाकूड वापरावे तर रसायन पाण्यात उतरते. पर्यावरणासाठी केलेल्या एका चांगल्या कामाने दुसऱ्या पर्यावरणावर भार टाकला. येथे थोडे ग्रीनहार्ट घेतले म्हणून कोणाला दोष देता येणार नाही.

आणि बोर्डवॉक? तोच सर्वांत अवघड निघाला. २०१२ मध्ये शहराच्या रचना आयोगाने ब्रायटन बीचच्या बाजूच्या एका तुकड्यासाठी नवा आराखडा मंजूर केला: मधोमध काँक्रीटची बारा फुटी पट्टी, तिच्यावरून रुग्णवाहिका जाऊ शकेल, आणि दोन्ही बाजूंना पुनर्वापरातील प्लॅस्टिकच्या फळ्या. रहिवासी न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे होते. लाकूड पावलांना लवचीक लागते. म्हाताऱ्यांचे गुडघे आणि धावणाऱ्यांचे पाय काँक्रीटवर दुखतात. फळ्यांच्या फटींतून पाणी खाली झिरपते, काँक्रीटवर साचते. आणि बोर्डवॉक काँक्रीटचा झाला तर तो समुद्राकाठचा एक फुटपाथ होईल. न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला.

त्याच वर्षी ऑक्टोबरात सँडी चक्रीवादळ आले. शेजारच्या रॉकअवे किनाऱ्यावरील लाकडी मार्ग लाटांनी उचलून वस्त्यांत नेऊन टाकला, आणि जेथे आधीच काँक्रीट घातले होते ते तुकडे जागच्या जागी राहिले. त्यानंतर रॉकअवेचा संपूर्ण मार्ग काँक्रीटमध्ये बांधला गेला. २०१७ मध्ये तो पुरा झाला. काँक्रीटच्या बाजूने याहून मोठा पुरावा कोणी मागू शकत नव्हते. पण सिमेंटही निष्पाप नाही. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटच्या निर्मितीतून येते. प्लॅस्टिकचेही तेच. ब्राँक्समध्ये १९९० च्या दशकात पुनर्वापराच्या प्लॅस्टिकचा एक धक्का मोठ्या कौतुकाने बांधला गेला. वर्षभरातच त्यावर वीज पडली आणि तो पेटला.

२०१८ मध्ये बोर्डवॉकला शहराच्या संरक्षित वारशाचा दर्जा मिळाला, उद्घाटनाला पंचाण्णव वर्षे झाली त्याच दिवशी. रहिवाशांना आनंद झाला, पण त्या दर्जामुळे फळी लाकडाचीच असावी असे बंधन आले नाही. कोनी आयलंडचे रहिवासी जंगलाचे शत्रू नव्हते. त्यांच्यापैकी अनेकांना ॲमेझॉनची काळजी वाटत होती. मात्र दूरच्या जंगलाची किंमत आपल्या दारातल्या गोष्टीतून वसूल होते आहे, आणि ती ठरवताना आपल्याला विचारले गेले नाही, ही त्यांची तक्रार होती. पाराच्या जंगलात राहणाऱ्या आदिवासीची तक्रारही शब्दशः हीच असते. दोघांच्या मधे निविदा लिहिणारा बसलेला असतो आणि त्याला दोघेही दिसत नाहीत.

अलीकडे न्यूयॉर्कमध्येच या विचाराच्या अगदी उलट दिशेने एक सूचना आली आहे. १८८३ मध्ये खुल्या झालेल्या ब्रुकलिन पुलावर पादचाऱ्यांसाठी लाकडी मार्ग आहे. पुलाची पुनर्रचना कशी करावी यासाठी शहर परिषदेने एका संस्थेच्या साह्याने स्पर्धा घेतली, आणि २०२० मध्ये जी योजना विजयी ठरली तिचे नाव ‘ब्रुकलिन ब्रिज फॉरेस्ट’. तिचे म्हणणे असे की पुलाच्या फळ्या ग्वाटेमालातील उआशाक्तून या गावाच्या जंगलातून घ्याव्यात. माया अभयारण्याच्या पट्ट्यातील हे गाव सरकारकडून मिळालेल्या हक्काने आपले जंगल स्वतः सांभाळते. मोजकी झाडे काढते, उरलेला वेळ पुष्पगुच्छांत घालायची ताडाची पाने गोळा करते. गावांनी राखलेल्या अशा पट्ट्यांत जंगलतोड जवळजवळ थांबली आहे, तर त्याच अभयारण्याच्या इतर भागांत, कागदावर अधिक कडक संरक्षण असूनही, गुरेवाल्यांनी मोठा भाग जाळला. गिऱ्हाईक निघून गेले तर या गावाकडे जंगल राखण्याचे कोणते उत्पन्न उरेल? मलेशियाने तीस वर्षांपूर्वी केलेला युक्तिवाद येथे वेगळ्या, अधिक प्रामाणिक तोंडातून येतो. योजना अजून कागदावर आहे. पण बंदी आणि मोकळीक यांच्या पलीकडे तिसरा मार्ग आहे, आणि तो म्हणजे गोदामात जाऊन माल पाहणे, इतके तिने सिद्ध केले. अर्थात एका पुलाच्या फळ्यांपुरते हे जमते. महानगराच्या सगळ्या खरेदीला असे एक एक गाव मिळणार नाही.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रूपात येऊन गेला आहे. रेल्वेच्या स्लीपरांसाठी साल, साग आणि देवदार इतक्या वेगाने तोडले गेले की ते नीट पुरवण्यासाठी इंग्रज सरकारला १८६४ मध्ये वनखाते काढावे लागले. आज रूळ काँक्रीटच्या स्लीपरांवर आहेत, आणि एका सरकारी गिऱ्हाईकाने माल बदलला तर काय होते याचे याहून मोठे उदाहरण शोधायला नको. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये आपल्या इमारतींत लाकूड वापरण्यास मनाई केली. सरकारी दारे-खिडक्या लोखंडाच्या व ॲल्युमिनियमच्या झाल्या. खासगी घरे मात्र लाकूड मागतच राहिली, आणि कांडला बंदरात म्यानमार, मलेशिया, आफ्रिका येथील ओंडके उतरत राहिले. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली तेव्हा येथल्या वखारवाल्यांना नवे देश शोधावे लागले. २०२० च्या जुलैमध्ये विभागाने मनाई उठवली. लाकूड लोखंडापेक्षा कमी कोळसा खाते आणि बांधावर झाडे लावणाऱ्या शेतकऱ्याला गिऱ्हाईक हवे, ही कारणे त्यामागे होती. पुढे नव्या संसद भवनासाठी महाराष्ट्रातला साग गेला. सत्तावीस वर्षांच्या मनाईने जंगल किती वाचले याचा ताळेबंद मात्र कोणी प्रसिद्ध केलेला दिसत नाही.

न्यूयॉर्क राज्यात २०२३ मध्ये आणखी एक पाऊल टाकण्याचा प्रयत्न झाला. सरकारला माल पुरवणाऱ्याने आपल्या मालामागे जंगलतोड नाही हे प्रमाणित करावे, आणि त्यात लाकडाबरोबर सोयाबीन, गोमांस, पामतेल, कॉफी हेही यावे, असे विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर केले. डिसेंबरात राज्यपाल कॅथी होकल यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. अंमलबजावणी व्यवहारात जमणार नाही, हा त्यांचा आक्षेप होता. पुरस्कर्ते नाराज झाले. तरीही आक्षेपात तथ्य होते. कॉफीच्या पोत्याचा माग मळ्यापर्यंत काढणे लहान पुरवठादाराला परवडणारे नाही, आणि त्याला ते करायला लावले की तो माग काढत बसणार नाही, प्रमाणपत्र विकत घेईल.

इपेच्या बाबतीत शहरांनी आणि राज्यांनी तीस वर्षे जे तुकड्यातुकड्यांनी केले, ते २०२२ मध्ये पनामात भरलेल्या साइट्स कराराच्या परिषदेने सर्व जगासाठी केले. इपे दुसऱ्या परिशिष्टात घालण्यात आला, आणि नोव्हेंबर २०२४ पासून त्याच्या लाकडाची निर्यात परवान्याशिवाय करता येत नाही. परवाना देण्यापूर्वी, या तोडीने झाडाच्या जातीला धोका नाही, असा निष्कर्ष निर्यात करणाऱ्या देशाच्या शास्त्रीय अधिकाऱ्यांनी काढावा लागतो. भारत १९७६ पासून या कराराचा सदस्य आहे, तेव्हा मुंबईत कोणी बंगल्याच्या गच्चीसाठी इपेच्या फळ्या मागवल्या तर त्यालाही हा कागद लागेल. ब्राझीलमध्ये हे परवाने आयबामा ही केंद्रीय संस्था देते. रानातली झाडे आणि यादीतली झाडे यांचा मेळ आता तिच्या अधिकाऱ्यांना घालायचा आहे, आणि ते रान सर्वांत जवळच्या डांबरी रस्त्यापासून बहुधा कित्येक दिवसांच्या अंतरावर आहे.